‘स्पिरिच्युअल आहेस का?’ असं विचारलं तर काय सांगायचं?

पत्र थोडक्यात: तापीकाठच्या एका गावातली २८ वर्षांची मुलगी, केमिस्ट्रीत एमएस्सी, पुण्यात एका लॅबमध्ये नोकरी. दिवाळीच्या सुट्टीत घरी बघण्याचा कार्यक्रम झाला. मुलगा नाशिकला इंजिनिअर, बायोडाटात ‘सुसंस्कृत, निर्व्यसनी व आध्यात्मिक कुटुंब’. दोघांना बोलायला म्हणून ओट्यावर बसवलं पण मागे सगळी मंडळी होतीच. मुलाने विचारलं, तू स्पिरिच्युअल आहेस का? हिने पटकन सांगितलं, ‘या शब्दाला काही अर्थ आहे असं मला वाटत नाही.’ मुलाच्या आईने पोह्यांची ताटली खाली ठेवली, फुई (म्हणजे आत्या) खोटं हसल्या. मंडळी गेल्यावर वडील, ज्यांना ही आबा म्हणते, एवढंच बोलले, ‘चहा भलता गोड व्हता.’ आबा दरवर्षी मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला पायी जातात, पण ‘अध्यात्म’ हा शब्द हिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नाही, आणि वारीहून आल्यावर आठवडाभरात ते बांधावरून काकांशी भांडतात हेही तिने लिहिलंय. आता मध्यस्थामार्फत मुलाच्या आईचा निरोप आलाय की मुलगी नास्तिक आहे का ते एकदा विचारा. आणि मुलाने स्वतः मेसेज केलाय की तुझं बोलणं डोक्यातून जात नाहीये, मलाही त्या शब्दाचा अर्थ नीट सांगता येत नाहीये, एकदा भेटू का. ही आठ दिवस उत्तर टाइप करते आणि खोडते. विचारते, ताई, मी चुकले का, आणि या शब्दाला खरंच काही अर्थ असतो का?

पोरी,

तुझं पत्र वाचून आधी मी हसले, कारण ती पोह्यांची ताटली खाली ठेवल्याचा आवाज मला इथे धुळ्यात बसून ऐकू आला. मग परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की तू दोन प्रश्न एकाच पिशवीत भरलेत. एक, शब्दाला अर्थ आहे का. दुसरा, या मुलाला भेटू का. तुला वाटतंय पहिल्याचा निकाल लागला की दुसऱ्याचा आपोआप लागेल, मला तसं वाटत नाही, पण सुरुवात पहिल्यापासूनच करू कारण तुला खाज त्याचीच आहे आणि खरं सांगायचं तर मलाही.

तू म्हणतेस शब्द पोकळ आहे. मला उलट वाटतं, त्यात इतकं कोंबलंय की आता झाकण बसत नाही.

मूळचा शब्द तसा साधा आहे गं, अधि आणि आत्मन्. उपनिषदांत तो बरेचदा मथळ्यासारखा येतो. छांदोग्यात एके ठिकाणी सांगितलंय की मन हे ब्रह्म आहे असं समजून उपासना करा, हे झालं अध्यात्म, आणि आकाश हे ब्रह्म आहे असं समजून करा, हे झालं अधिदैवत. म्हणजे काय तर माणसाच्या स्वतःच्या हद्दीतलं जे आहे, श्वास, डोळे, मन, ते अध्यात्म आणि बाहेर सूर्य, वारा, आकाश या देवतांच्या हद्दीतलं ते अधिदैवत. सातबाऱ्यावर कसं कोणाचं शेत कुठपर्यंत ते लिहिलेलं असतं, तशी ही वाटणी. पुढे सांख्य दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी दुःखाचे तीन प्रकार केले, कीर्तनात ‘त्रिविध ताप’ ऐकलं असशील, त्यात विंचू चावला तर तो आधिभौतिक, गारपीट झाली तर आधिदैविक, आणि वात-पित्त-कफ बिघडून अंग दुखलं किंवा रागाने जीव तगमगला तर तो आध्यात्मिक. त्या हिशोबाने मुलाच्या आईचे गुडघे (तूच लिहिलंयस ना की त्यांना खाली बसता येईना म्हणून खुर्ची आणावी लागली) हे शुद्ध आध्यात्मिक दुःख झालं. हे मात्र त्यांना सांगू नकोस, निदान पहिल्या वर्षी तरी नको.

आणि हा प्रश्न विचारणारी तू पहिली नाहीस. गीतेच्या आठव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात अर्जुन तेच विचारतो, किमध्यात्मम्? उत्तर येतं ‘स्वभावोऽध्यात्ममुच्यते’, अवघे तीन शब्द, आणि त्यातल्या ‘स्वभाव’ या एका शब्दावर टीकाकारांनी पिढ्यानपिढ्या खल केलाय. पण अर्जुन नास्तिक आहे का ते विचारा, असा निरोप कुणी धाडला नाही.

आता मुलाने वापरलेला शब्द बघ, तो हा नव्हेच. स्पिरिच्युअल हा लॅटिनमधल्या श्वास या अर्थाच्या शब्दावरून आलेला, दवाखान्यात इंजेक्शनआधी दंडाला लावतात ते स्पिरिटही त्याच घराण्यातलं. चर्चच्या भाषेत पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने जगणारा तो स्पिरिच्युअल. एकोणिसाव्या शतकात कधीतरी या दोन शब्दांना एका जुवाला जुंपलं, पश्चिमेकडे यंत्रं आणि आपल्याकडे अध्यात्म अशी वाटणी झाली, विवेकानंदांच्या १८९३ च्या शिकागोनंतर तर ती घराघरात पोचली, आणि राज्य गमावलेल्या माणसांना ती सोयीचीही होती हे मी आपलं हळूच सांगते. तेव्हापासून दोन वेगळ्या उंचीचे बैल एकच गाडी ओढतायत. त्यात आता ‘मी स्पिरिच्युअल आहे पण रिलिजस नाही’ असं म्हणणारी पिढी आली, त्यांचा अर्थ तिसराच. कोण जाणे तुझा तो मुलगा यातलाच असेल, त्याच्या आईचा अर्थ वेगळा आणि त्याचा वेगळा, आणि तू एका वाक्यात दोघांनाही उडवलंस!

अमळनेरचंच घे, तुमच्याकडून काही फार लांब नाही. तिथे गिरणीमालक प्रतापशेठनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, कापसाच्या पैशावर वेदांताचा अभ्यास, मोठमोठी अभ्यासक मंडळी तिथे राहून गेली. त्याच गावात मंगळ ग्रहाचं मंदिर, मंगळवारी गर्दी बघ, पत्रिकेत मंगळ असलेली पोरंपोरी आणि त्यांचे घामाघूम आईवडील. आणि तिथेच सखाराम महाराजांची वाडी, वैशाखात बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते, रथ निघतो. आता तीन माणसं या तीन दारांतून निघून संध्याकाळी एकाच एसटीत बसली आणि तू विचारलंस, कशासाठी आला होतात, तर तिघंही बिनदिक्कत सांगतील, अध्यात्मासाठी. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाहीये. आणि चौथाही एक आहे बरं का, साने गुरुजी तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला म्हणून आले आणि १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलात मास्तर झाले, वसतिगृहातल्या पोरांची आजारपणं काढत बसले, पुढे १९४७ ला पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले. या सगळ्याला कोणता शब्द लावायचा? मला विचारशील तर कुठलाही लाव, फरक त्यांना पडला नसता.

म्हणून मी तुझा प्रश्नच जरा सरकवते. अर्थ आहे का हे विचारू नको, समोरचा माणूस त्या शब्दाकडून काय काम करून घेतोय ते बघ. बायोडाटात तो ‘निर्व्यसनी’च्या शेजारी बसलाय म्हणजे तिथे त्याचं काम वेगळं आहे. तिथे तो सांगतोय की आमच्याकडे दारू-मटण चालत नाही, पोरगा सरळ आहे, आणि सुनेने सकाळी लवकर उठून देवघर बघावं अशी अपेक्षा आहे. उपनिषदाशी याचा काडीचा संबंध नाही, हा घरचा नियम आहे आणि नियमाला अर्थ असतोच, तो तुला मान्य आहे की नाही एवढाच प्रश्न. तू मात्र त्याला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नेऊन टेस्ट केलीस, रंग बदलला नाही म्हणून फेकून दिलंस.

आता आबांकडे येते. तू लिहिलंयस की ते ‘नुसते सवयीने’ जातात, अध्यात्म वगैरे काही नाही, असतं तर बांधावरून भांडले असते का. मला हा हिशोब पटत नाही, म्हणजे वारीला गेलेल्या माणसाने परत येऊन संतच व्हायला पाहिजे ही अट कुणी घातली? जिमला जाणाऱ्याला सर्दी होतेच की. आणि तू जे सांगितलंयस ना, परत आल्यावर आबा ओट्यावर बसून टाचांच्या भेगांत तेल जिरवतात आणि तेवढा वेळ कुणाशीच बोलत नाहीत, ते मला त्या भांडणाइतकंच खरं वाटतं. दोन्ही राहू दे. त्यांना संतही करू नकोस आणि ढोंगीही ठरवू नकोस.

पण पत्रात एक माणूस गायब आहे आणि त्यानेच मला खरं तर हे उत्तर इतकं लांब लिहायला लावलं. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते ती ज्येष्ठात, चाल महिन्याहून जास्त, आषाढी करून माणूस घरी येईपर्यंत पावसाळा लागलेला. म्हणजे ऐन पेरणीचे दिवस! आबा चंद्रभागेकडे चालत असतात तेव्हा तुमच्या शेतात सरकी कोण लावतं? मजूर कोण सांगतं, खताच्या दुकानात उधारी कोण मागतं, पावसाने ओढ दिली तर दुबार लावायची का हे कोण ठरवतं? तुझी आईच ना? तू आबांबद्दल लिहिलंस, मुलाबद्दल, त्याच्या आईबद्दल, फुईच्या हसण्याबद्दलसुद्धा लिहिलंस, आईबद्दल एक ओळ नाही. पोहे तिने केले होते एवढं मी गृहीत धरते.

मी तुला टोमणा मारत नाहीये, मी स्वतः हे केलंय. काही वर्षांपूर्वी मी दहा दिवसांच्या एका मौन शिबिराला गेले होते, नाव नको, शिबिर चांगलं होतं, मला झोप लागायला लागली, खोटं कशाला सांगू. परत आले ती अशी शांत की कुणी मोठ्याने बोललं तरी मी डोळे मिटून घ्यायची. आमच्या सासूबाई, वय तेव्हा एकाहत्तर, त्या दहा दिवसांत त्यांनी घर ओढलं, पोरांचे डबे केले, वरून उन्हाळ्याचे उडदाचे पापडही लाटून घेतले. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, दहा दिवस तू गप्प बसलीस आणि आता आम्हाला सगळ्यांना गप्प बसवतेयस. मला इतका राग आला की काय सांगू, आणि राग आला म्हणून अजून राग आला, कारण आता तर राग यायला नको होता ना! संध्याकाळी ओट्यापाशी गेले तर सासूबाई पापडांचा डबा बंद करत होत्या. म्हणाल्या, तू गेल्ती त्या ठिकाणी जेवण कसं होतं? बस, एवढंच विचारलं.

गावोगावच्या सप्त्यात बघ तू, मंडपात देह नश्वर आहे यावर दोन तास प्रवचन चालतं आणि मंडपामागे चुलवणापाशी बायका शे-दोनशे माणसांच्या वरणबट्टीत, एप्रिल-मे मधला जळगाव-भुसावळचा चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा पारा, त्यात गोवऱ्यांचा धूर. देह नश्वर आहे हे त्यांना वेगळं ऐकायची गरज नसते. मी कीर्तनाच्या विरोधात नाही, मला कीर्तन आवडतं. पण हा शब्द ऐकला की मी आता आधी मंडपामागे जाऊन बघते, आणि तीच सवय तुला लावून घे असं सांगेन.

म्हणजे भेटल्यावर काय बोलायचं तेही आलंच. त्याला व्याख्या विचारू नकोस, त्याने आधीच कबूल केलंय की येत नाही, आणि हे कबूल करणारा मुलगा मला बरा वाटतो. त्याला दिवस विचार. तुमच्या घरी सकाळी किती वाजता काय होतं, उपवास किती आणि त्या दिवशी दोन-दोन स्वयंपाक कोण करतं, कांदा-लसूण पूर्ण बंद की ठराविक वारी, पाळी असली की काय पाळतात (हे विचारायला लाजू नकोस, लग्नानंतर पहिल्या महिन्यात कळण्यापेक्षा चहाच्या टेबलावर कळलेलं बरं), तू सेवेला किंवा शिबिराला गेलास तर तुझ्या वाटचं काम कोणावर पडतं, आणि मी गेले तर? वर्षाला दान-देणगी किती जाते, ती कोण ठरवतं. घर घेताना, नोकरी सोडताना, मूल व्हायच्या वेळी, आजारपणात शेवटचा शब्द कुणाचा, तुमचा, डॉक्टरचा की कुणा महाराजांचा? सगळं एका दमात विचारू नकोस नाहीतर बिचारा मेसेज केल्याचा पश्चात्ताप करेल. दोन भेटी घे, तीन घे.

जाता जाता, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण याच महिन्यात अशी अजून दोन पत्रं आलीत, एकात सून वैतागलीय तर एकात मुलगा म्हाताऱ्या आईच्या देणग्यांनी. शब्दावर वाद घालू नका, कुणीच जिंकत नाही आणि जेवणं बिघडतात. पैसा, वेळ, औषध या तीन गोष्टींवर बोला. आईला भजनात बरं वाटत असेल तर वाटू द्या, एफडी मोडायची वेळ आली तर मात्र ‘चल, मीपण येतो, पावती कशी देतात बघू’ म्हणून सोबत जा. आणि साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडा करत बसणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आपल्याकडे शेतात रात्री पाणी भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. भजन, कीर्तन, यात्रा याला तो कायदा हात लावत नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे कुणी ‘आमच्या वारीवर बंदी आणताय’ म्हणून अंगावर आलं तर घाबरायचं काम नाही.

रात्रीच्या पाण्यावरून आठवलं. पत्राच्या शेवटी, ताजा कलम असल्यासारखं, तू काहीतरी लिहिलंयस आणि पुढे ‘हे उगाच लिहिलं’ असंही लिहिलंयस. दहा वर्षांची असल्यापासून रात्रीची लाईट आली की तू आबांसोबत बॅटरी धरायला जायचीस. मोटर सुरू झाली की आधी पाइपात नुसती हवा खोकते, मग पाणी येतं, कोरड्या दांडातून ते पुढे सरकताना चरचर आवाज होतो आणि माती भिजली की तो आवाज बदलतो, आणि तिथे आबा बॅटरी बंद करायला सांगायचे. दोघंही काही न बोलता अंधारात उभे. ‘तेव्हा मला जे व्हायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि त्याला मी अध्यात्म म्हणणार नाही.’

नको म्हणू. कुणीही त्याला नाव द्यायला लागलं तरी देऊ देऊ नकोस, पण हे ‘उगाच’ नाही हेही तुला माहितीये, नाहीतर तू ते लिहिलं नसतंस. आबा बॅटरी का बंद करायला लावायचे, सेल वाचवायला की अजून कशाला, कधी विचारलंस? त्या मुलाने प्रश्न विचारला तेव्हा तुझ्याकडे हे एवढं होतं आणि तू त्याला शब्दकोशातलं उत्तर दिलंस. चुकलीस का विचारतेस, तर मत चुकलं नाही, माफी मागायचीही गरज नाही, सगळ्यांसमोर मुलीची तोंडी परीक्षा घेतात तेव्हा कुणीही तुटकच बोलतं. फक्त त्या उत्तराने दार बंद झालं, आणि त्याने ते परत वाजवलंय.

तर मेसेज पाठव. आठ दिवस टाइप करून खोडणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, तुझ्याच भागातले चांगदेव. कथा तुला माहितीच असेल, ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले, वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे काही ठरेना, शेवटी कोराच कागद धाडला. मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. पासष्ट ओव्यांचं उत्तर त्या कोऱ्या कागदाला मिळालं खरं, पण तुझ्या त्या इंजिनिअरकडून एवढी अपेक्षा ठेवू नकोस. दोन ओळी लिही की भेटू, आणि मलाही तुला एक गोष्ट सांगायचीये, पाण्याची. बाहेर कुठेतरी भेटा, मंडळी नकोत.

त्याच्या आईला मध्यस्थामार्फत काहीही उत्तर देऊ नकोस. नास्तिक आहे का, या प्रश्नाचं हो किंवा नाही मध्यस्थाच्या तोंडून गेलं की नाशिकला पोचेपर्यंत त्याचं काय होईल सांगता येत नाही. ‘मुलं आधी भेटणार आहेत’ एवढाच निरोप आबांकडून जाऊ दे, ते कमी शब्दांत काम भागवतात हे चहावरून कळलंच.

आणि पुण्याला परत जायच्या आधी एकदा आईजवळ बस. मागच्या ज्येष्ठात सरकी लावली त्या दिवशी काय काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लाव, मध्ये बोलू नकोस. ते मला लिहून पाठव, नाव न देता छापेन.